प्रकाश कर्ता की साक्षीच कर्ता? : द्रवातील प्रकाशरासायनिक विक्रियांच्या इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणाचा इतिहास

मराठीत 'दिसणे' आणि 'पाहणे' ही दोन क्रियापदे निरनिराळी रचना घेतात. 'मला तारा दिसतो' ह्या वाक्यात पाहणारा चतुर्थीत जातो आणि क्रियापद ताऱ्याच्या अधीन राहते. 'त्याने तारा पाहिला' ह्या वाक्यात पाहणारा तृतीयेत असतो आणि क्रिया त्याच्याकडून घडते. दुसऱ्या वाक्यात साधनाची भर घातली म्हणजे 'त्याने दुर्बिणीने तारा पाहिला' असे वाक्य होते आणि एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट समोर येते. पाहणारा मनुष्य आणि पाहण्याचे साधन ह्या दोहोंनाही 'ने' हाच प्रत्यय लागतो. कर्ता कोणता व करण कोणते हे प्रत्ययावरून कळत नाही. ते आपण अर्थावरून ठरवितो. दुर्बीण ताऱ्याला काही करीत नाही हे आपणास आधीच ठाऊक असते, म्हणून घोटाळा होत नाही इतकेच.

दुर्बिणीच्या बाबतीत जे गृहीत धरता येते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत धरता येत नाही. ह्या उपकरणात ज्या इलेक्ट्रॉनांनी पदार्थ पाहावयाचा तेच इलेक्ट्रॉन पदार्थात फेरफार घडवितात. आणि पदार्थ द्रवरूप असेल, त्यातही तो पाण्यात असेल, तर हे फेरफार किरकोळ राहत नाहीत. प्रकाशामुळे द्रवात घडणारी एखादी रासायनिक विक्रिया अशा उपकरणाने 'पाहिली' असे जेव्हा शास्त्रज्ञ म्हणतो, तेव्हा ती विक्रिया प्रकाशाने केली की पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी केली, हा प्रश्न टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात ह्या शाखेचा इतिहास ह्याच प्रश्नाच्या अनुरोधाने मांडावयाचा आहे. उपकरणे उत्तरोत्तर अधिक सूक्ष्म होत गेली, असा ह्या शाखेचा इतिहास सांगण्याची रूढी आहे. ते खरे असले तरी त्यात मर्म नाही. दोन कर्त्यांना एकमेकांपासून वेगळे काढण्याची विद्या कशी सिद्ध होत गेली, हा ह्या इतिहासाचा गाभा आहे असे मला वाटते.

प्रकाशरसायनाच्या आरंभकाळातही प्रश्न कर्तृत्वाचाच होता. कार्ल शेले ह्या स्वीडनमधील रसायनज्ञाने 1777 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिल्व्हर क्लोराइडावर प्रकाशाचा परिणाम कसा होतो हे वर्णन केले. काळा पडलेला भाग अमोनियात विरघळत नाही, कारण तो धातुरूप चांदीचा असतो, हे त्याने दाखविले. आणि लोलकातून निघालेल्या रंगपटात हे लवण जांभळ्या भागात सर्वांत लवकर काळे पडते, हेही त्याने नोंदविले. उष्णता नव्हे तर प्रकाश, आणि प्रकाशातलाही अमुक एक भाग, ह्या फेरफारास कारण आहे, असा हा निवाडा होता. 1801 साली योहान रिटर ह्याने तेच लवण जांभळ्या पट्ट्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काही दिसत नाही तेथे, ठेवले आणि ते अधिकच लवकर काळे पडते असे आढळले. जंबुपार किरणांचा शोध असा लागला. ज्याला कोणी पाहिले नव्हते त्याचे अस्तित्व त्याच्या करणीवरून सिद्ध झाले! पुढे ग्रोटहूस ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आणि ड्रेपर ह्याने 1840 नंतरच्या वर्षांत स्वतंत्रपणे सांगितले की, पदार्थावर जो प्रकाश पडतो तो सर्व विक्रिया घडवीत नाही. जो शोषला जातो तोच घडवितो. विसाव्या शतकाच्या आरंभी श्टार्क व आइन्स्टाइन ह्यांनी ह्याला पुंज सिद्धांताची जोड दिली, आणि एक प्रकाशकण शोषला गेला म्हणजे प्राथमिक प्रक्रियेत एक रेणू उत्तेजित होतो, असा हिशेब मांडता येऊ लागला.

1949 साली केंब्रिज येथे नॉरिश आणि पोर्टर ह्यांनी क्षणदीप्तीची जी पद्धत काढली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तीत पहिला प्रखर झोत विक्रिया सुरू करतो. थोड्या अवकाशाने सोडलेला दुसरा, मानाने पुष्कळच सौम्य, झोत त्या वेळी कोणते अल्पजीवी रेणू उपस्थित आहेत हे वर्णपटाच्या द्वारे सांगतो. 'करणारा' प्रकाश आणि 'पाहणारा' प्रकाश ह्यांची कालाने आणि तीव्रतेने केलेली ही फारकत होती. दोघांना 1967 साली आयगेन ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ह्या पद्धतीने असंख्य रेणूंची सरासरी कळे. एखाद्या उत्प्रेरकाच्या एका कणाच्या कोणत्या कडेवर विक्रिया होते, ती कोठे सुरू होऊन कोठे थांबते, ह्याचे चित्र तीतून मिळत नसे. साध्या सूक्ष्मदर्शकाचाही येथे उपयोग नाही. कारण 1873 साली आबे ह्याने दाखविल्याप्रमाणे त्याची विभेदनक्षमता तरंगलांबीच्या सुमारे निम्म्यावर, म्हणजे 200 नॅनोमीटरांच्या आसपास, अडते. उत्प्रेरकाचे कण पुष्कळदा ह्याच्या दशांशाहूनही लहान असतात.

ही मर्यादा इलेक्ट्रॉनांनी ओलांडली. द ब्रॉय्ल ह्यांनी 1924 साली इलेक्ट्रॉनाला तरंगलांबी असते असे मांडले, बुश ह्यांनी 1926 साली चुंबकीय वेटोळे हे इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत भिंगासारखे वागते असे सिद्ध केले, आणि 1931 साली बर्लिनच्या तंत्रविद्यालयात क्नोल व रुस्का ह्यांनी दोन भिंगांचे पहिले उपकरण उभे केले. दोनच वर्षांनी रुस्का ह्यांचे सुधारलेले उपकरण साध्या सूक्ष्मदर्शकाच्या पुढे गेले. 100 किलोव्होल्ट दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी 3.7 पिकोमीटर, म्हणजे अणूच्या व्यासाहून कितीतरी कमी असते.

ह्या उपकरणाविषयीची पहिली शंका मात्र उपकरण जन्मण्यापूर्वीच उपस्थित झाली होती. डेनिस गाबॉर ह्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, 1928 साली बर्लिनमधील एका कॅफेत लिओ झिलार्ड ह्यांनी त्यांना इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मदर्शक बांधण्याची सूचना केली. त्यावर गाबॉर ह्यांचे म्हणणे असे पडले की, सजीव वस्तू निर्वातात ठेवता येत नाही आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली सगळेच जळून खाक होईल. ह्या उत्तरात दोन निराळ्या हरकती एकत्र आल्या आहेत. निर्वाताची हरकत अभियांत्रिकीची आहे. जळण्याची हरकत ज्ञानप्रक्रियेविषयीची आहे. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे संशोधकांनी पहिल्या हरकतीवर जितके श्रम घेतले तितके दुसरीवर घेतले नाहीत, असे ह्या विषयावरचे वाङ्मय वाचताना ध्यानात येते.

पहिली हरकत समजण्यास सोपी आहे. 25 अंश सेल्सिअस तापमानास पाण्याचा बाष्पदाब सुमारे 3,170 पास्कल असतो, तर सूक्ष्मदर्शकाच्या नळीतील दाब पास्कलच्या हजारांश भागाहूनही पुष्कळ खाली ठेवावा लागतो. उघडा ठेवलेला पाण्याचा थेंब तेथे टिकत नाही. ब्रुसेल्स येथे लाडिस्लाउस मार्टन ह्यांनी 1934 साली दवबिंदू ह्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानाचे छेद इलेक्ट्रॉनांनी पाहिले. आणि पुढील वर्षी, अर्ध्या मायक्रोमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये ओली वस्तू बंद करून ठेवावी, असे सुचविले. ह्या कल्पनेला प्रत्यक्ष रूप 1944 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. एब्रम्स आणि मॅकबेन ह्यांनी 'सायन्स' ह्या नियतकालिकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी केलेल्या एका बंद कोष्ठाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन पातळ पटले, त्यांच्यामध्ये द्रवाचा थर, कडा घट्ट बंद. इलेक्ट्रॉन आरपार जावेत, बाष्प बाहेर पडू नये.

ह्यातील मॅकबेन हे नाव महाराष्ट्रातील रसायनाच्या अभ्यासकांना अपरिचित नसावे. साबणाच्या विद्रावात रेणूंचे पुंजके बनतात हा विचार ब्रिस्टल येथे असताना आग्रहाने मांडणारे जेम्स विल्यम मॅकबेन हेच पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. ह्या प्रयोगशाळेचे उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी झाले आणि मॅकबेन 1952 पर्यंत तेथे होते. कलिलांचा अभ्यास करणाऱ्या मनुष्याला द्रव वाळवून पाहण्यात समाधान वाटू नये हे स्वाभाविक आहे, कारण साबणाच्या विद्रावातले पुंजके विद्राव वाळला की राहतच नाहीत. बंद कोष्ठाची गरज ज्यांना प्रथम तीव्रतेने भासली त्यांत एक कलिलरसायनज्ञ असावा, हा मला योगायोग वाटत नाही.

'कोष्ठ' ह्या शब्दाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. इंग्रजीत ह्या वस्तूस जे नाव आहे तेच जीवशास्त्रात आपण 'पेशी' म्हणतो त्या वस्तूला आहे, विजेच्या 'घटा'ला आहे आणि तुरुंगातील 'कोठडी'लाही आहे. मराठी परिभाषाकारांनी ह्या चार अर्थांना चार शब्द दिले हे चांगले झाले. पण प्रस्तुत उपकरणाच्या बाबतीत मला 'कोठडी' हा शब्दच अधिक सत्य वाटतो. कोठडीत ठेवलेला मनुष्य बाहेरच्यासारखा वागत नाही, आणि त्याच्यावर जो पाहारा असतो त्याचाही त्याच्या वागण्यावर परिणाम होतो.

ह्या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव छायाचित्रणाच्या अभ्यासकांना लवकर आला. चित्रपट धुतल्यावर चांदीचा जो काळा कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली भरीव वाटे, तो वास्तविक चांदीच्या बारीक तंतूंचा गुंता असतो, हे 1940 च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. कोडॅकच्या प्रयोगशाळेतील हॉल व शोन ह्यांचा 1941 चा निबंध ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. पण न धुतलेला सिल्व्हर ब्रोमाइडचा कण पाहावयास जावे, तर इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने त्यातूनच चांदी सुटू लागे. प्रकाशाने त्या कणावर जी सूक्ष्म खूण उमटविलेली असते ती अवघ्या काही अणूंची असते. ती पाहण्यासाठी जो झोत टाकावा तोच तिच्यावर कितीतरी मोठी खूण उमटवितो. शेलेच्या लवणाने पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारला होता, पण ह्या वेळी संशयित दोन होते.

द्रवकोष्ठाचा प्रयत्न अधूनमधून होत राहिला, परंतु पटले फाटत, थर जाड राहत, चित्रे धूसर येत. दरम्यान ओल्या वस्तूंचे निरीक्षण दुसऱ्याच वाटेने पुढे गेले, आणि तिने गाबॉर ह्यांची दुसरी हरकत प्रथम गांभीर्याने घेतली. 1975 साली केंब्रिज येथे हेंडरसन व अन्विन ह्यांनी एका क्षारप्रिय सूक्ष्मजंतूच्या जांभळ्या पटलाची रचना शोधताना इलेक्ट्रॉनांची मात्रा अत्यंत कमी ठेवली, आणि एकाच रेणूकडे टक लावण्याऐवजी हजारो सारख्या रेणूंकडून थोडीथोडी माहिती गोळा केली. ह्या पटलातील बॅक्टीरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन प्रकाश शोषून प्रोटॉन पटलापलीकडे ढकलते. म्हणजे पाण्यात घडणाऱ्या प्रकाशरासायनिक विक्रियेचे ते उत्तम उदाहरण आहे. 1980 नंतरच्या दशकात हायडेलबर्ग येथे द्यूबोशे व त्यांचे सहकारी ह्यांनी पाणी इतक्या वेगाने गोठविले की त्याचे स्फटिक न होता ते काचेसारखे घट्ट होई. ह्या दोन गोष्टींचा मेळ सुब्रह्मण्यम, हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 च्या निबंधात घातला. ओल्या पटलावर प्रकाश टाकावयाचा, ठरावीक अल्प अवकाश जाऊ द्यावयाचा, मग ते द्रवरूप ईथेनमध्ये बुडवून विक्रिया आहे त्या टप्प्यावर थिजवावयाची, आणि त्यानंतरच इलेक्ट्रॉनांनी विवर्तनचित्र घ्यावयाचे.

ह्या पद्धतीत प्रकाश कार्य करीत असताना इलेक्ट्रॉन हजर नसतात, आणि इलेक्ट्रॉन पाहू लागतात तेव्हा विक्रिया संपलेली नसली तरी थांबलेली असते. कर्ता आणि साक्षी एकमेकांना भेटतच नाहीत. तत्त्वदृष्ट्या ह्याहून निर्दोष व्यवस्था नाही. तिची उणीव अशी की, जे पाहिले ते विक्रियेचे एक थिजलेले क्षणचित्र असते. एकाच कणाची पूर्वावस्था व उत्तरावस्था ह्यांचा सलग वृत्तान्त तीतून मिळू शकत नाही. असा वृत्तान्त हवा असेल तर द्रव द्रवच राहिला पाहिजे, आणि पुन्हा कोठडीकडे यावे लागते.

कोठडीचे भाग्य संगणकाच्या उद्योगाने उघडले. सिलिकनच्या चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचे सुमारे 50 नॅनोमीटर जाडीचे भक्कम पटल तयार करण्याची कला त्या उद्योगात सिद्ध झाली होती. 2003 साली फ्रान्सिस रॉस व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा दोन खिडक्यांमध्ये ताम्रलवणाचा विद्राव ठेवून, विजेच्या योगाने तांब्याचे कण विद्युत् अग्रावर कसे जमतात ह्याची चलचित्रे घेतली. 2009 साली बर्कली येथे हाइमेई झेंग, ॲलिव्हिसाटोस प्रभृतींनी प्लॅटिनमचे एकेक स्फटिक द्रवात वाढताना व एकमेकांस चिकटताना दाखविले. 2012 साली ग्रॅफीनच्या दोन थरांत द्रवाचा बुडबुडा कोंडून अणूंपर्यंत पोहोचता येते असे सिद्ध झाले. पहिली हरकत ह्याप्रमाणे निकालात निघाली.

दुसरीचे काय झाले? रॉस ह्यांच्या प्रयोगात विक्रियेचा कर्ता वीज होती, आणि ती सुरू वा बंद करणे प्रयोगकर्त्याच्या हाती होते. प्रवाह मोजून कणांच्या वाढीशी ताडूनही पाहता येई. झेंग ह्यांच्या प्रयोगात तसे नव्हते. तेथे प्लॅटिनमच्या लवणाचे क्षपण स्वतः इलेक्ट्रॉन शलाकेनेच सुरू झाले होते, आणि लेखकांनी ते सांगितलेही होते. जे पाहिले ती कणांची वाढ खरीच होती, पण ती पाहण्यामुळे सुरू झालेली वाढ होती. 2012 साली वोल, ब्राउनिंग व इतरांनी सिल्व्हर नायट्रेटच्या विद्रावावर हेच अधिक काटेकोरपणे तपासले: शलाकेची मात्रा एका मर्यादेच्या खाली असेल तर चांदीचे कण उत्पन्न होत नाहीत, आणि मर्यादेच्या वर मात्रेप्रमाणे वाढीची तऱ्हा पालटते. चांदी पुन्हा साक्षीस आली ती अशी.

पाण्यात नेमके काय होते ते समजून घेण्यासाठी प्रारणरसायन ह्या निराळ्या शाखेकडे वळावे लागते. वेगवान इलेक्ट्रॉन पाण्यातून जाताना रेणूंचे आयनीभवन करतो. त्यातून सुटलेला मंद इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंनी वेढला जातो. ह्या 'जलयोजित' इलेक्ट्रॉनाचा वर्णपट 1962 साली हार्ट आणि बोग ह्यांनी प्रथम नोंदविला. तो अतिशय प्रबळ क्षपणकारक आहे. त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिल मूलक उत्पन्न होते, आणि ते तितकेच प्रबळ ऑक्सिडीकारक आहे. पाण्याने शोषिलेल्या दर 100 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे ह्या प्रत्येकाची संख्या सुमारे 2.6 ते 2.7 असते, शिवाय हायड्रोजन, हायड्रोजन पेरॉक्साइड व आम्लता वाढविणारे आयन निर्माण होतात. 2014 साली श्नायडर, रॉस, बाउ प्रभृतींनी ही सर्व गणिते द्रवकोष्ठाला लावली. 300 किलोव्होल्टची, एक नॅनोॲम्पिअर प्रवाहाची आणि एक मायक्रोमीटर त्रिज्येची शलाका पाण्यात सेकंदाला सुमारे साडेसात कोटी ग्रे इतकी मात्रा जमा करते. मनुष्याला सर्वांगावर मिळालेली चार-पाच ग्रे मात्रा प्राणघातक ठरू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो.

आता प्रकाशाकडे येऊ. 1972 साली टोकियोचे फुजिशिमा व होंडा ह्यांनी 'नेचर'मध्ये असे दाखविले की, टायटॅनियम डायॉक्साइडच्या विद्युत् अग्रावर जंबुपार प्रकाश टाकला असता तेथे ऑक्सिजन, आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमच्या अग्रावर हायड्रोजन सुटतो. म्हणजे प्रकाशाने पाण्याचे विघटन होते. पुढच्याच वर्षी खनिज तेलाचे संकट उद्भवल्यामुळे ह्या निबंधाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. ह्या अर्धसंवाहकाच्या ॲनाटेज ह्या रूपात सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रकाशकण एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो व त्याच्या जागी एक रिक्तता ठेवतो. मोकळा इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर क्षपण घडवितो, रिक्तता ऑक्सिडीभवन घडविते; आणि रिक्ततेच्या द्वारे पाण्यातून हायड्रॉक्सिल मूलकही निर्माण होऊ शकते.

वाचकाच्या ध्यानात साम्य आलेच असेल. प्रकाश एक क्षपणकारक व एक ऑक्सिडीकारक अशी जोडी उत्पन्न करतो. इलेक्ट्रॉन शलाकाही तशीच जोडी उत्पन्न करते. प्रकाशाने पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. शलाकेनेही ते निघतात. प्रकाशाने चांदीचे आयन धातुरूप होतात, शलाकेनेही होतात. दोन चोरांच्या पावलांचे ठसे एकच असावेत तशी ही स्थिती आहे. त्यांतला एक प्रकाशकण तीन-साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा, तर 200 किलोव्होल्टच्या उपकरणातील एक इलेक्ट्रॉन दोन लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा. पातळ थरातून जाताना तो ह्यातील अल्पच अंश मागे ठेवतो हे खरे, पण तो अंशही प्रकाशाच्या तुलनेने लहान नसतो. अशा परिस्थितीत केवळ चित्र स्पष्ट आले ह्यावरून प्रकाशाच्या कर्तृत्वाचा निर्णय देणे म्हणजे, 'ने' प्रत्यय दिसला म्हणून तो शब्द कर्ता मानण्यासारखे आहे.

सूक्ष्मदर्शकात प्रकाश नेण्याचे यांत्रिक काम तसे अवघड नव्हते, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. जपानमध्ये योशिदा, यामासाकी व तानाका ह्यांनी 2004 साली टायटॅनियम डायॉक्साइडवरील कार्बनी थर जंबुपार प्रकाशाने कसा नष्ट होतो हे पाहिले. डेन्मार्कमध्ये कावाल्का प्रभृतींनी 2012 साली नमुना धरणाऱ्या दांड्यातूनच प्रकाश नेला. 2013 साली ॲरिझोना येथे झांग, मिलर व क्रोझियर ह्यांचा जो निबंध आला तो निःसंशय महत्त्वाचा आहे. पाण्याच्या वाफेत ॲनाटेजच्या स्फटिकांवर प्रकाश टाकला असता पृष्ठभागाचे एक-दोन अणुथर आपली स्फटिकरचना सोडतात, आणि त्यापुढे हा थर जाड होत नाही, असे त्यांना आढळले. एवीतेवी उत्प्रेरक म्हणजे विक्रियेत न बदलणारा पदार्थ असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो; पण उजेडात व दमट हवेत तो आपले कातडे बदलतो, असा ह्याचा अर्थ होतो. अर्थात हे सारे वायुरूपातले. शलाकेने होणारी मूलके विरळ वाफेत थोडी असतात. द्रवात ती दाट असतात.

प्रत्यक्ष द्रवात प्रकाशाचे कार्य पाहण्याच्या दोन प्रयत्नांचा उल्लेख केला पाहिजे. कॅल्टेक येथे अहमद झेवैल ह्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात अशी व्यवस्था सिद्ध केली होती की, लेसरच्या एका स्पंदाने नमुना उत्तेजित व्हावा आणि दुसऱ्या स्पंदाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या लहानशा झुबक्याने तो पाहिला जावा. नॉरिश-पोर्टर ह्यांच्या दोन झोतांचेच हे अपत्य म्हणता येईल, फक्त पाहणारा झोत आता इलेक्ट्रॉनांचा झाला. झेवैल 2016 मध्ये निवर्तले; त्यांच्या गटाचा, द्रवात लेसरने ढकललेले सोन्याचे सूक्ष्म कण कसे फिरतात ह्याविषयीचा निबंध 2017 मध्ये आला. ही गती होती, रासायनिक विक्रिया नव्हे. पण करणे व पाहणे ह्यांची कालविभागणी द्रवातही साधते हे त्यावरून कळले.

दुसरा प्रयत्न लू, सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2018 सालचा. त्यांनी द्रवकोष्ठात ॲनाटेजचे सूक्ष्म कण पाण्यात ठेवून त्यांवर जंबुपार प्रकाश टाकला. हायड्रोजनचे बुडबुडे निघण्यापूर्वी कणांभोवती एक कवच तयार होते, आणि त्यात क्षपण झालेले टायटॅनियमचे आयन असतात, असे त्यांनी नमूद केले. बुडबुडे हा येथे दुबळा पुरावा आहे, कारण ते शलाकेनेही उत्पन्न होतात. ह्या निबंधाचे बळ दुसऱ्या एका गोष्टीत आहे: प्रकाशाची तीव्रता वाढविली तसे कवच जाड होत काही नॅनोमीटरांपर्यंत पोहोचले. आपल्या नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर अन्वय आणि व्यतिरेक ह्यांची येथे कसोटी आहे. कारण असता कार्य असणे एवढ्याने भागत नाही; कारण नसता कार्यही नसावे लागते, आणि कारणाच्या मानाने कार्याचे मान बदलले तर निर्णय अधिक दृढ होतो. म्हणून ह्या क्षेत्रातील निबंध वाचताना विद्यार्थ्याने चित्रांच्या आधी तीन गोष्टी शोधाव्यात: शलाका चालू असून अंधार असता काय झाले, प्रकाश असून शलाका बंद असता काय झाले, आणि नमुन्याच्या ज्या भागावर शलाका कधीच पडली नाही तेथे अखेरीस काय आढळले. हायड्रॉक्सिल मूलके टिपून घेणारे आयसोप्रोपिल अल्कोहोलसारखे द्रव्य पाण्यात मिसळून शलाकेचा प्रभाव दडपण्याचा उपायही योजला जातो. परंतु तेच द्रव्य प्रकाशाने उत्पन्न झालेल्या रिक्ततेशीही विक्रिया करते, त्यामुळे ह्या उपायाने एका संशयिताला बांधताना दुसऱ्याचेही हात बांधले जातात.

लू प्रभृतींच्या निबंधाचा सारांश भाषेच्या अभ्यासकाने क्रियापदांकडे लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. कवचाच्या बाबतीत तेथे 'पाहिले' अशा अर्थाचे क्रियापद आहे; कवचात क्षपित आयन आहेत ह्या विधानाला 'प्रयोगांनी पुष्टी मिळते' असे म्हटले आहे; आणि पाण्यातील प्रोटॉन प्रकाशाने क्षपित होऊन पृष्ठभागाखाली शिरतात व त्यामुळे कवच बनते, ह्या विधानाला केवळ 'गणितावरून सूचित होते' इतकेच बळ दिले आहे. तीन विधाने, तीन क्रियापदे. ह्यांपैकी प्रकाशाच्या कर्तृत्वाचा नेमका मार्ग सांगणारे विधान तिसरे आहे, आणि ते पाहिलेले नाही.